आठवं घड्याळ

भाऊ,

गिरगावातल्या घड्याळवाल्याचा आज सकाळी फोन आला. तुमचं घड्याळ आलंय, म्हणाला. तो तसंच म्हणतो. म्हणजे तुम्ही मनगटावर बांधून गोदीच्या पाण्यात उतरायचात त्याच बनावटीचं: काळी तबकडी, अंधारात हिरवे दिसणारे काटे, काचेभोवती फिरणारी कडी, आणि पाणी आत जाऊ नये म्हणून आटे फिरवून घट्ट बसवायची चावी. कोणा म्हाताऱ्या खलाशाच्या घरातून निघालंय, उद्या दुपारपर्यंत सांगा, नाहीतर दुसरं गिऱ्हाईक थांबलंय. माझ्याकडे अशी सात आहेत, सातही एका बनावटीची. मी रिटायर झालो त्या वर्षी पहिलं घेतलं, सातवं घेतल्याला दोनेक वर्षं झाली असतील. परवा सुनेने कपाट आवरताना ती पलंगावर ओळीने मांडली आणि विचारलं, "बाबा, वेगवेगळी असती तर समजले असते की हौस आहे. एकासारखं एक किती घेणार अजून?" मी म्हटलं, थोडा थोडा फरक असतो, तुला कळायचा नाही. धादांत खोटं बोललो. फरक नाही, आणि फरक नाही म्हणूनच मी ती घेतो. आठवं घ्यावं की नाही ते ठरवायला बसलो, ठरेना, तेव्हा हा कागद ओढला. ही घड्याळं मी का गोळा करतो ते फक्त तुम्हालाच सांगता येईल, आणि सांगायला लागलो की वीस वर्षांचं तुमचं पाण्याखालचं काम कोणामुळे सुटलं, तेही त्यात येणारच.

एकसारखं घ्यायची खोड मुळात तुमची, मला बापाकडूनच आलेली. ते पहिलं घड्याळ तुम्ही कुठल्याशा बोटीवरच्या माणसाकडून घेतलंत तेव्हा चाळीतले लोक हसले होते, कारण साहेबलोकांच्या हातात असायची तसली ती भारी वस्तू नव्हती. तुम्ही ते महिनाभर पाण्याच्या पिंपात टाकून ठेवलंत, रोज चावी द्यायला बाहेर काढायचं आणि पुन्हा आत. आई पिंपातलं पाणी भरताना रोज बडबडायची. महिन्याने तुम्ही ते कानाला लावून म्हणालात, हे आपलं. मग वर्षभराने हुबेहूब तसंच दुसरं मिळवलंत आणि ज्या दिवशी मला तुमचा दोरीवाला म्हणून गोदीत घेतलं त्या दिवशी माझ्या मनगटावर बांधलंत. मी बावीस वर्षांचा होतो. मला चौकोनी, सोनेरी काठाचं हवं होतं. तुम्ही म्हणालात, "दोन जातीची घड्याळं दोन तऱ्हेने चुकतात. एका जातीची असली की चुकली तरी बरोबरीने चुकतात. खाली मला किती वाजले आणि वर तुला किती वाजले, हे एकच पाहिजे." मला तेव्हा ते पटलं होतं. पुढे पुढे पटेनासं झालं.

कारण चाळीत मला 'घड्याळजीचा पोरगा' म्हणायला लागले होते, ते एक. आणि खरं कारण म्हणजे दोरी. तुम्ही पितळी टोप घालून खाली उतरलात की तुमच्या कमरेची दोरी माझ्या हातात. एक झटका म्हणजे ठीक, चार झटके म्हणजे वर या. वर्षभरात मी ती दोरी अशी शिकलो होतो की तुम्ही खाली वळलात तरी मला हातात कळायचं. तरी तुम्हाला घड्याळ हवं, आणि घड्याळावर घड्याळ हवं, याचा अर्थ मी माझ्या परीने लावला होता. पोराच्या हातावर बापाचा भरवसा नाही. त्या वर्षी नवरात्रात तुम्ही तिसऱ्याचा विषय काढलात. त्याच बनावटीचं तिसरं मिळतंय, घेऊन ठेवू, एकाचा भाग दुसऱ्याला लागतो. आई चुलीपाशी होती. ती म्हणाली, "तीन तीन घड्याळां घेवन काय करतल्यात? वेळ काय तीनदा येता?" तुम्ही हसलात. मी हसलो नाही.

ती वर्षं तुम्हाला आठवतात तशीच मलाही आठवतात. लालबाग-परळच्या भिंती गेरूने आणि चुन्याने भरून गेलेल्या, मुंबईसह हा शब्द प्रत्येक जिन्यात. पाळी सुटली की गिरणीतले लोक सभेला, मीही सभेला. तुम्ही जायचा नाहीत. तुम्ही म्हणायचात, महाराष्ट्र माझाही आहे, पण पाण्यात उतरणाऱ्याचं डोकं थंड लागतं. गोदीत त्या दिवसांत वातावरण फार वाईट होतं. दोन-तीनदा काम बंद पडलं होतं, दोघांना पोलिसांनी कामावरून उचलून नेलं होतं, आणि आमच्या साहेबाला कुठे काही अडलं की त्यात मोर्चा दिसायचा. माझं नाव त्याने एकदा विचारून घेतलं होतं. मी ते तुम्हाला सांगितलं नाही.

खंडेनवमीला आईने स्वयंपाकघरात पाट मांडला. तुमचा पाणसुरा, करवत, दोरीच्या कड्या, माझा पाना, सगळं धुऊन पुसून, हळदकुंकू लावून, झेंडू वाहून. शेजारी दोन्ही घड्याळं. हत्यारांनी त्या दिवशी विश्रांती घ्यायची, त्यांना हात लावायचा नाही, ही घरची रीत. सगळी हत्यारं गप पडलेली आणि घड्याळं तेवढी टिकटिक करतायत, तेव्हा तुम्ही म्हणालात, "ह्यांनी काय पाप केलंय? ह्यांनाही सुट्टी दे." मी दोन्ही चाव्यांचे आटे सोडले, चाव्या ओढल्या, काटे थांबले. आईने त्यांच्यावरही अक्षता टाकल्या. पाण्यात घालायच्या घड्याळाची चावी सोडून ते देवापुढे झोपवणारी माणसं दुनियेत आपणच असू. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी कामावर जायचं होतं. गिरणीच्या सकाळच्या भोंग्यावर दोन्ही घड्याळं मिळवायची हे माझं काम. मी दोन्ही हातांत दोन घेऊन खिडकीत उभा होतो, भोंगा झाला, दोन्ही चाव्या दाबल्या, दोन्ही चालू झाली. माझ्या घड्याळाचे आटे फिरवले. तुमचे फिरवणार तेवढ्यात तुम्ही म्हणालात, आज संध्याकाळी ते तिसरं आणायला जाऊ, तूही चल.

मी म्हणालो, मला नाही यायचं. मी असं बरंच काही म्हणालो. दोरी असताना हे सोंग कशाला, लोक हसतात, तुम्हाला माझ्यापेक्षा त्या डबड्यावर विश्वास. तुम्ही शांतपणे विडी विझवलीत. "दोरी हातात आली म्हणून पाणी कळलं असं समजू नको," म्हणालात. "दोरी अडकते. माणूस चुकतो. मी चुकतो तसा तू पण चुकशील." घड्याळ माझ्या हातातून घेतलंत, मनगटावर चढवलंत आणि जिना उतरलात. आटे राहिले. तुम्ही पाहिलं नाहीत, कारण ते काम माझं होतं आणि माझं काम तुम्ही कधी तपासत नव्हतात. आजवर मी स्वतःला सांगत आलो ते असं: त्या भांडणात मी विसरलो.

त्या दिवशी गोदीच्या मोठ्या दरवाजाच्या उंबऱ्यात तारेचा जाड दोर अडकला होता. भरतीला दरवाजा उघडून बोट आत घ्यायची होती, त्याआधी तुम्ही तो दोर कापून काढायचा. भरतीच्या अर्धा तास आधी दरवाजातल्या झडपा थोड्या थोड्या उघडायला लागतात, आतलं-बाहेरचं पाणी सारखं करायला, आणि झडप उघडली की पाणी माणसाला दरवाजाकडे ओढतं. त्याच्या पाव तास आधी तुम्ही वर असायचं हे ठरलेलं. पडावावर, म्हणजे कामाच्या सपाट होडीवर, मी, हवेच्या पंपावर चाचा आणि त्याच्या जोडीला एक गडी. चाचा रत्नागिरीकडचा, तुमच्याबरोबर पंधरा वर्षं पंप फिरवलेला. मी तुमच्या रबरी बाहीवरून घड्याळाचा पट्टा आवळला, चाचाने टोप चढवला, तुम्ही काचेतून माझ्याकडे पाहून हात वर केलात आणि पाण्याने तुम्हाला घेतलं.

पहिला बराच वेळ सगळं ठीक आहे. मी झटका देतो, तुमचा झटका येतो. मग एकदा मी झटका देतो आणि हाताला काहीतरी वेगळं लागतं, मऊ नाही, खुंटीला बांधल्यासारखं. पुन्हा देतो. उत्तर नाही. दोरी तारेत अडकलीय हे मला कळतं, आणि तरी मला भीती वाटत नाही, कारण माझ्या घड्याळात अजून वीस मिनिटं आहेत आणि तुमच्याकडेही तेच घड्याळ आहे, वेळ झाली की तुम्ही याल. हे मला त्या क्षणी वाटलं, भाऊ. सकाळी ज्याला डबडं म्हटलं त्याच्याच आधारावर मी उभा होतो. वेळ झाली. तुम्ही आला नाहीत. आणखी दहा-बारा मिनिटं गेली. बुडबुडे एकाच जागी येत होते, म्हणजे तुम्ही काम करत होतात, निवांत. मी चार झटके दिले, पुन्हा चार, हाताची सालं गेली. वरून साहेबाचा आवाज आला, क्या चल रहा है नीचे. आणि त्याच वेळी कडेच्या लहान झडपेच्या साखळीचा आवाज सुरू झाला. ती माणसं वेळेवर चालणारी, त्यांच्या हिशेबाने तुम्ही कधीच वर आलेले होतात.

मी लाल फडकं घेऊन ओरडत होतो. साखळी थांबायला किती वेळ लागला मला माहीत नाही, पण बुडबुडे दरवाजाकडे सरकायला लागले होते ते मी पाहिलं. मी चाचाला म्हटलं, हवा तोड. पंप दोन श्वासांपुरता थांबवायचा, पुन्हा चालू, पुन्हा थांबवायचा, म्हणजे खाली कळेल. चाचाने चाक न थांबवता माझ्याकडे पाहिलं. "मी पंधरा वरसात त्याची हवा तोडली न्हाय," तो म्हणाला, "आन तू पोटचा पोर मला सांगतोस?" मी म्हटलं, चाचा, तोड. त्याने डोळे मिटले आणि चाक थांबवलं. एकदा, दोनदा, तीनदा. तिसऱ्या वेळी बुडबुडे थबकले. मग दोरी सैल झाली आणि माझ्या हातात तुमचा झटका आला, चार वेळा.

तुम्हाला पडावावर ओढून टोप काढला तेव्हा तुमच्या नाकातून रक्त येत होतं. तुम्ही माझ्याकडे पाहिलं नाहीत, मनगटाकडे पाहिलंत. "हे थांबलंय," म्हणालात, जणू कोणी जवळचं माणूस खोटं बोललं होतं. काचेच्या आतून पाणी धरलं होतं, काटे तुम्ही उतरल्यावर अर्ध्या तासाने अडकले होते. तुम्ही दोनदा पाहिलं होतंत, दोन्ही वेळा वेळ शिल्लक दिसली, तुम्हाला वाटलं आज हात भरभर चालतोय. तुमची बोटं आखडली होती म्हणून पट्टा मी सोडला. घड्याळ माझ्या मुठीत आलं. चावी वर होती. चाचा तुमच्या तोंडावर पाणी मारत होता, साहेब शिडी उतरत होता, आणि मी मुठीतल्या मुठीत अंगठ्याने ती चावी दाबली आणि आटे घट्ट आवळले. मग घड्याळ तुमच्या हातात दिलं.

भरती गेली, बोट बाहेर राहिली. तीन दिवसांनी चौकशी झाली. साहेबाने टेबलावरचे कागद सारले आणि घातपात हा शब्द उच्चारला. बोट अडवायला मुद्दाम खाली थांबलात, मुलगा मोर्चात जातो हे आम्हाला माहीत आहे. मी तुमच्या मागे उभा होतो. चावी उघडी राहिली हे मी सांगितलं असतं तर ती मुद्दाम उघडी ठेवली असंच ठरलं असतं, आणि बाहेर पोलीस बसलेला होता. तुम्ही घड्याळ टेबलावर ठेवलंत. "दोरी तारेत अडकली, त्यात दोरीवाल्याची चूक नाही," म्हणालात. "घड्याळाने दगा दिला. पाणी आहे बघा आत." साहेबाने ते उचललं, चावी फिरवून पाहिली, घट्ट. मग तो हसला. "ये बाजारू घडी पहन के पानी में उतरता है?" तिथे बसलेले सगळे हसले. घातपाताचं नाव निघालं नाही. तुमच्या घड्याळात पाणी शिरलं म्हणून आपण दोघं घरी आलो, आणि तसलं घड्याळ बांधून उतरता म्हणून तुम्हाला पाण्यातून काढून गुदामात घातलं, दुसऱ्यांचे रबरी पोशाख वाळवायला आणि ठिगळं लावायला.

गुदामातली ती वर्षं तुम्ही कशी काढलीत ते मी पाहिलंय. नवे पाणबुडे पोशाख घ्यायला आले की कोणीतरी विचारायचं, भाऊ, किती वाजले? तुम्ही उत्तर द्यायचात, खरी वेळ सांगायचात. तिसरं घड्याळ कधीच आलं नाही. एक दिवस जेवताना तुम्ही माझ्या मनगटावरचं काढून घेतलंत. "हे घालू नको तू. मी पारखायला चुकलो. जातच फसवी आहे." महिनाभर पिंपात ठेवून ज्याची खात्री केली होती त्याला तुम्ही माझ्या जिवाच्या काळजीने फसवं म्हणालात. आई म्हणाली, बरां झाला, अक्कल इली. मी मान खाली घालून भात कालवत राहिलो. सांगायचं तर तेव्हाच सांगायला हवं होतं, साहेब नव्हता, पोलीस नव्हता, तिघंच होतो. पुढे महाराष्ट्र झाला, लालबागेत पेढे वाटले, आणि त्याच्या तिसऱ्या वर्षी तुम्ही गेलात.

आता सात घड्याळांचं. पहिलं मी घेतलं ते तुमची आठवण म्हणून, असं घरात सांगितलं. घरी आणलं, आटे घट्ट केले आणि पाण्याने भरलेल्या पातेल्यात तळाशी ठेवलं, तुमच्यासारखंच. मला ते गळायला हवं होतं. एक तरी घड्याळ असं निघावं की जे चावी घट्ट असतानाही पाणी पिईल, म्हणजे जातच फसवी ठरेल, तुम्ही म्हणालात तेच खरं ठरेल आणि मी सुटेन. आठ दिवस राहिलं, कोरडंच निघालं. म्हटलं, एखादं चांगलं निघालं असेल. दुसरं घेतलं, तिसरं घेतलं. घड्याळवाला त्यांची जुनी रबरं बदलून देतो, तुमचंही तेव्हा नवंच होतं, म्हणजे परीक्षा बरोबरीची. सातही कोरडी. मग प्रत्येकाचे आटे सोडून पुन्हा ठेवलं, नखाएवढी चावी वर. सातही घड्याळांनी अर्ध्या-पाऊण तासात पाणी घेतलं. दरवेळी ती दुरुस्त करायला नेली की घड्याळवाला वैतागतो, काका, चावी लावायला विसरता कसे तुम्ही.

उद्या त्याला नाही म्हणून सांगणार आहे. आठवं गळलं तरी मला त्याचा काय उपयोग? सात साक्षीदारांनी सांगितलं ते पुरे झालं. तुम्ही पारखायला चुकला नव्हतात. ती बनावट चांगली होती, तुमचं एकसारखं घ्यायचं म्हणणंही बरोबर होतं, आणि खाली दोरी अडकली तेव्हा ती नाही, घड्याळच तुम्हाला वर आणणार होतं. हे गोदीतल्या प्रत्येकाला हाका मारून सांगावंसं वाटतं, पण आता त्यातलं कोणी उरलेलं नाही. सुनेला मात्र सांगेन, ती विचारते तर. ती घड्याळं नातवंडांनी घातली तरी मला चालेल, पाण्यातसुद्धा.

हे पत्र कुठे जाणार नाही हे मला माहीत आहे, तरी मघापासून एक ओळ टाळतोय. वर लिहिलं की मी विसरलो. सकाळी खिडकीत विसरलो ते खरं आहे. पण पडावावर पट्टा आवळायला तुमचं मनगट हातात घेतलं तेव्हा वर आलेली चावी माझ्या अंगठ्याला लागली होती, भाऊ. मी ती पाहिली. दोन वेढ्यांचं काम होतं. माझ्या मनात आलं, जाऊ दे पाणी आत, एकदा बंद पडू दे हे डबडं, मग कळेल तुम्हाला की वर कोण आणतं ते. आणि पट्टा आवळून मी चाचाला टोप चढवायला सांगितलं.